नमुना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागच्या रांगेतल्या गाळ्यात,
सकाळी नऊलाच डोक्यावरचा पत्रा तापून वाजू लागतो.
तेव्हा आम्ही लेथवरून कंपाउंड स्लाइड उतरवली.
चार नट. तिसरा हलेना.
इरण्णांनी त्यावर डिझेल सोडलं, चहा घेतला, बशी धुतली,
मग पान्याला नुसता तळहात टेकवला
आणि नट निघाला.

ही लेथ बंद गिरणीच्या लिलावातली.
बेडवर चकपासून वीतभर अंतरावर खोलगट झीज आहे:
कॅरेज बरीच वर्षं तिथंच मागंपुढं होत राहिलं,
म्हणजे तिथंच कुणीतरी उभं होतं.
कोण? मी विचारलं.
मीच की, पोरी.

नवं सामान राजकोटहून आलं, खोक्यात, भुश्शात:
तिरपा स्लाइड, सिलिंडर, व्हॉल्व्ह,
व्हॉल्व्हच्या टोकाला सुई, नाक जोंधळ्याच्या दाण्याएवढं,
दोन काळे होज, टाकीसकट पंप.
पंप लावला तसा शेजारच्या गाजुलांचा माग
ऐकू येईनासा झाला.

स्लाइड साठ अंशांत बसवायचा.
काटकोनी खांद्यावरून सुईला सरळ मागं पळता येत नाही,
तिला तिरपी वाट लागते.
मला हे पॉलिटेक्निकात फळ्यावर कळलं होतं,
इरण्णांना, रिकाम्या मुठीनं हवेत टूल चालवून बघताना.

मागचं ब्रॅकेट आमचं घरचं.
डायल लावला तर काटा सहा घरं सरकला.
थंडाच्या डब्याचा पत्रा कापून खाली सारला. दोन घरं.
मग शेंगाचटणीच्या पुडीचा कागद, तेलकट, एकपदरी.
काटा झोपला.

हवा मात्र निघेना.
सुई उचकी लागल्यासारखी करायची.
निपल सैल केला, आधी फेस, मग फुसफुस,
मग निव्वळ तेल, माझ्या कोपरापर्यंत.
तांब्याचा वॉशर नवा घातला.

आता तिला दाखवायचं काय?
इरण्णांनी कपाटातून फडक्यातला स्पिंडल काढला,
वॉर्पिंग मशीनचा, गेल्या महिन्यात हातानं काढलेला:
गळा, खांदा, पोटाला किंचित फुगवटा, निमुळती शेपटी.
तोच मागच्या सेंटरांत धरला. तोच नमुना.

सुई टेकली. इकडं टूल निघालं.
हँडलवर कुणाचाच हात नाही.
गळा आला, खांद्याशी टूल आपसूक मागं सरलं,
चिप निळी होऊन ट्रेमध्ये पडत राहिली.
इरण्णांनी हात आधी पाठीमागं धरले,
मग खिशात घातले,
मग सुताच्या वेस्टनं पुसत बसले, स्वच्छ होते तरी.

सातव्या नगावर त्यांनी पोटावरून नख फिरवलं
आणि थांबले.
काय बघलालीस, हात लाव इथं.
केसाएवढा उंचवटा, कडं घातल्यासारखा.
सातही नगांवर, त्याच जागी.
नमुन्यावरही.

मायक्रोमीटरनं दोन शतांश सांगितले. चालतंय, मी म्हटलं,
ड्रॉइंगमध्ये पाच आहेत.
ते म्हणाले, फोन आला होता त्या दिवशी, धारवाडहून.
कावेरी बाळंत झाली म्हणून.
फीड चालूच होतं, माझा हात तेवढा मागं आला.

मग त्यांनीच झिरो एमरी मागितली,
नमुना दुसऱ्या चकात धरला, फिरवला,
कडं घालवलं. दोन मिनिटं लागली.
गिऱ्हाइकाला कशाला आपल्या घरचं, म्हणाले.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस नग झाले.
पहिले सात वेगळे काढायचे होते,
मी काढले नाहीत, त्यांनीही विचारलं नाही.
सगळे एकाच पोत्यात, ग्रीस लावून, टॉवेलच्या कारखान्यात गेले.

होजच्या सांध्याला अजून एक थेंब जमतो.
खाली चटणीचा रिकामा डबा ठेवलाय.
उद्या बघू.